‘ब्लॉक’ आणि त्याचे न झालेले भाषांतर

कोशातला पर्याय आणि व्यवहारातला पर्याय यांत अंतर का पडते, याचा उलगडा पुष्कळदा कोशाबाहेर होतो. इंग्रजी ‘ब्लॉक’ला मराठीत ठोकळा, ओंडका, ठसा, गट, अडथळा असे पर्याय मिळतात. बारामती-इंदापूर भागातील नीरा डाव्या कालव्यावर मात्र यांपैकी एकही रुजला नाही.

हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. उसाचे मळे पांगलेले, पाण्याची नासाडी मोठी आणि कालव्याच्या मुखाकडील गावांची चंगळ, अशी स्थिती असताना विसाव्या शतकाच्या आरंभी मो. विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक पद्धती’ मांडली. ठरावीक क्षेत्रे एकत्र आखून, पिकांचा फेरपालट घालून पाणी अधिक गावांत पोचवावे, हा तिचा हेतू. पुढे मंजुरी सामान्यतः सहा वर्षांची असे. शेतकऱ्याच्या बोलण्यात मग ‘ब्लॉक’ हा जमिनीचा तुकडा उरला नाही. ‘ब्लॉक मिळाला’ म्हणजे पाण्याचा लेखी हक्क मिळाला. क्षेत्रवाचक शब्द हक्कवाचक झाला, आणि ही लक्षणा कोणा कवीची नव्हे, कालवा कचेरीची.

वास्तविक ‘फड’ हा देशी शब्द हाताशी होता. खानदेशात पांझरेच्या बंधाऱ्यांवर फड म्हणजे एकत्र भिजणारे, एका पिकाचे क्षेत्र. विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या प्रारंभी त्याच नदीवर काम केले होते. पण तेवढ्यावरून ब्लॉक हे फडाचे भाषांतर ठरविणे घाईचे होईल. फडातले पीक लाभधारक मिळून ठरवीत. ब्लॉक सरकार मंजूर करी. शिवाय नीरेकाठी ‘फड’ तोडणीच्या उसात, कुस्तीत नि तमाशात आधीच गुंतलेला. देशीयतेच्या चर्चेत देशी शब्द सापडला की शोध संपला असे मानले जाते. येथे तो सापडूनही उपयोगी नव्हता, कारण त्यामागचा सत्तासंबंध निराळा होता.

‘गट’ची कथा उलट आहे. १९५२च्या समुदाय विकास कार्यक्रमातील ‘ब्लॉक’ मराठीत ‘विकास गट’ झाला, त्याचा अधिकारी गटविकास अधिकारी. १९४७च्या एकत्रीकरण कायद्यानुसार जमिनी जोडल्या गेल्या, तेथे सर्व्हे नंबराची जागा गट नंबराने घेतली. त्यामुळे एकाच शेतकऱ्याची जमीन गटात, गाव विकास गटात आणि ऊस ब्लॉकात, अशी वाटणी झाली. इंग्रजी खरेदीखतांत मात्र हाच जमिनीचा ‘गट’ भाषांतरित न होता, रोमन लिपीत ‘गट’ म्हणूनच लिहिला जातो.