न्यू ऑर्लिन्सची जुनी दफनभूमि : दंतकथा आणि इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेकडे, मिसिसिपी नदी समुद्राला मिळण्यापूर्वीं जेथें मोठें वळण घेते, तेथें न्यू ऑर्लिन्स हें शहर वसलेलें आहे. फ्रेंचांनीं तें १७१८ सालीं वसविलें. पुढें तें स्पेनच्या राजाकडे गेलें. आणि १८०३ सालीं अमेरिकेनें लुइझियाना प्रांत फ्रान्सकडून विकत घेतला, तेव्हां तें अमेरिकेंत आलें. या शहराचे तिन्ही काळ एकाच ठिकाणीं पाहावयाचे असतील, तर जुन्या वस्तीच्या सीमेवरील दफनभूमींत जावें लागतें. 'सेंट लुई दफनभूमि क्रमांक १' हें तिचें नांव.

१७८८ सालच्या गुड फ्रायडेच्या दिवशीं शहरांत भयंकर आग लागली व आठशेंहून अधिक इमारती भस्मसात् झाल्या. आगीमागोमाग रोगराई आली. वस्तींतील जुनें दफनस्थान भरून गेलें होतें. म्हणून पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७८९ सालीं, तटाबाहेर ही नवी जागा नेमण्यांत आली. ती शहरांतील एका आळीएवढीच आहे. परंतु तींत ७०० हून अधिक थडगीं दाटीवाटीनें उभीं आहेत. विटांचीं, चुन्यानें रंगविलेलीं, त्रिकोणी माथ्याचीं हीं थडगीं लहान घरांसारखीं दिसतात, आणि त्यांच्यामधून अरुंद, वेड्यावांकड्या गल्ल्या जातात.

थडगीं जमिनीवर कां बांधलीं, याची एक कथा प्रत्येक प्रवाशाला ऐकविली जाते. जमिनींत थोडें खणतांच पाणी लागतें, त्यामुळें पुरलेल्या पेट्या पुरांत वर येऊन रस्त्यांतून तरंगत जात, अशी ती कथा आहे. जमीन पाणथळ आहे, हें खरें. परंतु आरंभीं कित्येक वर्षें येथेंहि जमिनींतच दफन होत असे. पुढें जमिनीवरील थडगीं वाढलीं तीं केवळ पाण्याच्या भीतीनें वाढलीं नाहींत. स्पेन व फ्रान्स या देशांतील चाल, संपन्न कुटुंबांची हौस आणि जागेची टंचाई हीं कारणेंहि त्यांत आहेत.

जागेच्या टंचाईवर तेथील लोकांनीं योजलेला उपाय मोठा व्यवहारी आहे. थडग्यांत पेटी ठेवून तोंड विटांनीं बंद करावयाचें. दक्षिणेकडील कडक उन्हानें आंतील भाग भट्टीसारखा तापतो व देहाच्या लवकरच अस्थि उरतात. एक वर्ष व एक दिवस लोटल्याशिवाय थडगें उघडावयाचें नाहीं, असा तेथील संकेत आहे. मुदत संपल्यावर अस्थि मागें किंवा खालच्या कोनाड्यांत सरकवितात, आणि तीच जागा पुढील मृतासाठीं मोकळी होते. त्यामुळें एकाच थडग्यांत एका घराण्याच्या कित्येक पिढ्या विसावल्या आहेत. मुदतीच्या आंत घरांत दुसरा मृत्यु झाला, तर आवाराच्या भिंतींतील कप्पा भाड्यानें घेतां येत असे. पावाच्या भट्टीसारखे दिसणारे हे कप्पे पीतज्वराच्या सांथींत अपुरे पडत. एकट्या १८५३ सालच्या सांथींत शहरांत सुमारें ८,००० माणसें दगावलीं.

शहराचा पहिला नगराध्यक्ष व लुइझियानांत दाणेदार साखरेचा धंदा यशस्वी करून दाखविणारा एतिएन द बोरे येथेंच आहे. बुद्धिबळाच्या पटावर युरोपांतील भल्याभल्यांना हरविणारा पॉल मॉर्फी, जो १८८४ सालीं वारला, तोहि येथेंच आहे. परंतु प्रवाशांची रीघ लागते ती मारी लाव्हो या स्त्रीच्या थडग्याकडे.

मारी लाव्हो ही व्हूडू पंथाची राणी म्हणून प्रसिद्ध आहे. पश्चिम आफ्रिकेंतून गुलाम होऊन आलेल्या लोकांनीं आपले देव व पूजाविधि कॅथॉलिक संतांच्या उपासनेंत मिसळले, त्यांतून हा पंथ निपजला. सान दोमिंग बेटावरील गुलामांच्या बंडानंतर क्यूबांत आश्रय घेतलेले सुमारें ९,००० निर्वासित १८०९ च्या सुमारास या शहरांत आले, तेव्हां त्याला अधिकच जोर आला. मारी केशरचनेचा धंदा करी व श्रीमंतांच्या घरांतील गुपितें त्यांच्या नोकरांकडून काढून घेई. तिच्यापाशीं एक साप होता. ती कधीं म्हातारीच झाली नाहीं. अशा कथा सांगतात. न म्हातारें होण्याचा उलगडा बहुधा एवढाच कीं, तिच्या मागून तिच्याच नांवाची मुलगी लोकांना दिसत असावी.

कागदपत्रांतील मारी निराळी आहे. तिचा जन्म १८०१ सालचा. ती कृष्णवर्णीय वंशाची परंतु स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेली स्त्री होती. १८१९ सालीं तिचें कॅथॉलिक विधीनें लग्न झालें. १८८१ च्या जून महिन्यांत ती वारली, तेव्हां पीतज्वराच्या रोग्यांची तिनें केलेली शुश्रूषा व फांशीच्या कैद्यांना तिनें दिलेला धीर यांबद्दल वृत्तपत्रांनीं तिचा गौरव केला. तिचें वय मात्र त्यांनीं ९८ छापलें. दंतकथेनें तिच्या वयांतहि अठरा-एकोणीस वर्षांची भर घातली!

थडग्यावर तीन फुल्या काढल्या कीं मारी इच्छा पूर्ण करते, ही समजूत त्या मानानें अलीकडची आहे. परंतु तिच्यापायीं हजारों हातांनीं विटा खरवडल्या, आणि भलत्याच थडग्यांनाहि तिचें समजून फुल्यांनीं भरून टाकलें. २०१३ च्या डिसेंबरांत कोणा अज्ञातानें तें थडगें गुलाबी रंगानें माखलें. या रंगानें आंतील ओल अडते व जुन्या विटा कुजूं लागतात, म्हणून २०१४ सालीं तो काढून थडग्याची डागडुजी करावी लागली. मार्च २०१५ पासून परवानाधारक मार्गदर्शकावांचून प्रवाशांना आंत जातां येत नाहीं.

त्याच आवारांत होमर प्लेसी या चांभाराचें थडगें आहे. लुइझियाना सरकारनें १८९० सालीं आगगाडींत गोऱ्यांसाठीं व काळ्यांसाठीं निराळे डबे ठेवण्याचा कायदा केला. त्याला न्यायालयांत आव्हान देण्यासाठीं शहरांतील कृष्णवर्णीय नागरिकांनीं समिति स्थापिली. ठरल्याप्रमाणें ७ जून १८९२ रोजीं प्लेसी पहिल्या वर्गाचें तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यांत बसला. त्याच्या आठ पणजे-पणज्यांपैकीं सात गोरे होते. तरीहि त्यानें आपली जात सांगतांच त्याला उतरवून अटक करण्यांत आली. बरोबर एका वर्षानें, ७ जून १८९३ रोजीं, दक्षिण आफ्रिकेंत मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरालाहि पहिल्या वर्गाच्या डब्यांतून उतरविण्यांत आलें, हा योगायोग भारतीय श्रोत्यांना जाणवल्यावांचून राहणार नाहीं.

१८९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध एक अशा मतांनीं प्लेसीचा दावा फेटाळला. 'निराळें, पण समान' या तत्त्वाला कायद्याची मान्यता मिळाली, आणि शाळा, गाड्या, पाणवठे सर्वत्र वर्णभेद दृढ झाला. प्लेसीनें २५ डॉलर दंड भरला व तो आपल्या संसाराला लागला. १९२५ सालीं तो वारला. शाळांपुरतें तें तत्त्व १९५४ सालीं न्यायालयानें रद्द केलें तें त्याला पाहावयास मिळालें नाहीं. आणि प्रांताच्या राज्यपालांनीं त्याला क्षमा दिली ती थेट २०२२ सालीं.

साखरेच्या मळ्याचा गोरा मालक, कृष्णवर्णीय मारी आणि प्लेसी हे सर्व एकाच भिंतीच्या आंत, सारख्याच विटाचुन्याखालीं आहेत. ज्या शहरानें मृतांना असें शेजारीं ठेवलें, त्याच शहरांत जिवंतांना एका बाकावर बसूं देण्यास कायदा आडवा आला. मारीच्या दाराशीं नवस बोलणाऱ्यांनीं चार पावलें पुढें जाऊन प्लेसीच्या थडग्यापाशीं क्षणभर थांबावें. तेथें इच्छा पुरविणारें कोणी नाहीं. परंतु न्याय मागण्यासाठीं एक साधा कारागीर आगगाडींत जाऊन बसला होता, एवढें तेथें कळतें.