एकच गिअरबॉक्स, चाळीस वर्षं

मी सिंदी रेल्वेहून बोलतोय. आजच्या भागाला जरा ऑइलचा वास येणार आहे, कारण विषय आहे गिअरबॉक्स. म्हणजे गिअरबॉक्स दुरुस्त करायची विद्या आपल्यासारख्या छोट्या गावात आली कशी, आणि आता ती जाते कुठे.

आधी थोडं मागे जाऊ. इंजिनचा जोर ठराविक फेऱ्यांतच चांगला मिळतो. चढावर जोर हवा, सपाटीवर वेग हवा, म्हणून मधे लहान-मोठ्या दातेरी चाकांची पेटी लागते. १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये पानार-लेव्हासोर कंपनीनं सरकत्या गिअरची रचना गाडीत आणली. अडचण अशी, की वेगवेगळ्या गतीनं फिरणारे दाते एकमेकांत घालायचे म्हणजे कर्रर्र होणारच. त्यावर ड्रायव्हर लोकांनी तोड काढली डबल क्लचची. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबून गिअर टाका. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं. यात एक रिंग आधी दोन्ही भागांची गती सारखी करते आणि मग दाते जुळू देते. आपल्याकडच्या गाड्यांत ही रिंग बहुतेक पितळेची असायची. दुसऱ्याचा धक्का स्वतः घेणारा भाग म्हणजे झिजणारा भाग. दुरुस्तीची बरीच गोष्ट तिथंच सुरू होते.

आता आपल्याकडे येऊ. जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला कारखाना काढला, पण काम होतं बाहेरून आलेले भाग जोडण्याचं. पुढे वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. १९४७ मध्ये महिंद्रांनी विलिस जीप जोडायला घेतली. खरं वळण आलं १९५३ मध्ये. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं ठरवलं, की इथं टिकायचं तर भाग इथंच बनवायचा कार्यक्रम हवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली आणि १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० तयार व्हायला लागली.

तीच गाडी १९६४ मध्ये 'डिलाइट' झाली, १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली आणि २०००च्या आसपासपर्यंत चालली. चार गिअर, दांडा स्टिअरिंगच्या खाली, पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. शेवटच्या काही गाड्यांत दांडा खाली जमिनीवर आला, पण बहुतेक काळ मूळ पेटी तीच. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं हा अन्यायच होता. नंबर लावा, वर्षानुवर्षं थांबा आणि जुनीच गाडी घ्या. पण मिस्त्रीच्या बाजूनं बघा ना! पंधराव्या वर्षी गॅरेजात पाने पुसायला लागलेला पोरगा पन्नाशीला आला, तरी समोर तोच गिअरबॉक्स. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही गोष्ट चाळीस वर्षं न बदलता राहील, ही कल्पनासुद्धा कोणी करत नाही.

काळी-पिवळी म्हटलं की मुंबईकराला फियाट टॅक्सी आठवते. आपल्या विदर्भात काळी-पिवळी म्हणजे सवारी भरून जाणारी जीप. विलिसच्या तीन गिअरच्या पेटीतही पहिल्याला सिंक्रो नव्हता. नंतरच्या जीपांचे गिअर वाढले, पण भर बाजाराच्या दिवशी दुप्पट सवारी आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, म्हणजे सगळा भार पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. मालकाची अख्ख्या दिवसाची कमाई त्या पेटीवर असायची. म्हणून मिस्त्री आवाजावरून निदान करायचे. गाडी न्यूट्रलला उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते? मग बहुधा इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज येतो? रिलीज बेअरिंग. दुसरा टाकताना कर्रर्र? सिंक्रो रिंग. टाकलेला गिअर आपोआप उडतो? दाते, फोर्क नाहीतर लॉकची स्प्रिंग बघा. "भाऊ, आधी आवाज आयक, मंग पाना उचल," असं आमच्याकडचे एक जुने मिस्त्री म्हणत. पेटी उतरवायची, झिजलेला भाग बदलायचा, नवं ऑइल भरायचं, आणि संध्याकाळी जीप परत लाइनवर.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन पुढे, ओढही पुढच्याच चाकांना, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच कवचात. मिस्त्री तेही शिकले, कारण पेटी अजून पान्यानं उघडत होती. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी आली. आत साधाच गिअरबॉक्स, पण क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा पाय-हात यंत्राचा, आणि त्याच्यावर कॉम्प्युटर.

मागच्या वर्षी आमच्या घरची एएमटी सिंदीतच न्यूट्रलला अडकली. गावातल्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत सांगितलं, पेटी चांगली आहे, क्लच प्लेट गेली. प्लेट ते बदलू शकत होते. पण नवी प्लेट कुठं पकडते हे कॉम्प्युटरला स्कॅनर लावून शिकवावं लागतं, आणि तो स्कॅनर त्यांच्याकडे नव्हता. गाडी टो करून नागपूरला न्यावी लागली. निदान निघालं मिस्त्रींनी सांगितलं तेच.

गंमत बघा, त्याच २०१४ मध्ये, ऑगस्टमध्ये, भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळत नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यातही वाहनं आहेत.

जुना गिअरबॉक्स परत आणा असं मी म्हणत नाही. आवाजी होता, दमवायचा. नवा नक्कीच चांगला आहे. पण जुन्या पेटीचं गुपित गावापर्यंत पोचलं होतं, नव्याचं शहरातच अडकलंय. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो, हे कुलूप लोखंडाचं नाही. कोणीतरी ठरवून लावलेलं आहे, तर ठरवून उघडताही येतं.

तोवर आपल्या हातातलं तेवढं करू. गिअरच्या दांड्यावर हात टेकवून बसू नका, आत फोर्क घासतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं भरा. जीएल-४ सांगितलं असेल तिथं जीएल-५ घालू नका, त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना खाऊ शकतात.

तुमच्या गावातल्या गिअरबॉक्सवाल्या मिस्त्रींच्या आठवणी असतील तर नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. चला, भेटू!