दंडावरच्या पट्ट्याची कुळकथा

डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावरचा फिस्टुला पुन्हा उघडायचा म्हटला की सर्जनला पहिली काळजी रक्ताची. धमनी थेट शिरेला जोडलेली असते, त्यामुळे त्या एका शिरेतून मिनिटाला 600 मिलिलिटर ते लिटरभर, कधी त्याहूनही जास्त रक्त धावतं. माणसाच्या अंगात सगळं मिळून ते असतं सुमारे 5 लिटर. आधीच्या शस्त्रक्रियेनं आतलं सगळं चिकटलेलं, वर्षानुवर्षांच्या सुयांनी शीर फुगून पातळ झालेली. चिमटा लावायला जागा मोकळी करतानाच ती फाटू शकते. म्हणून रक्त अडवायचं ते व्रणापासून दूर, दंडावर.

या युक्तीचं कूळ जुनं आहे. 1718 मध्ये पॅरिसच्या झाँ-लुई पेती यांनी हातपाय कापताना रक्त थोपवायला स्क्रूनं आवळायचा पट्टा केला. 1873 मध्ये कीलचे फ्रीडरिश एस्मार्ख रबरी पट्टी बोटांपासून वर गुंडाळून आधी रक्तच धडाकडे ढकलू लागले. पण रबर किती आवळलं गेलं ते कळत नसे आणि मज्जातंतू चेपले जात. हार्वी कुशिंग यांनी 1901 मध्ये इटलीत रिवा-रोची यांचं रक्तदाबाचं यंत्र पाहिलं, आणि 1904 मध्ये हवेनं फुगणारा पट्टा शस्त्रक्रियेत आणला. आता दाब मोजता येऊ लागला. या कुळातली सगळ्यात मोलाची भर मला हीच वाटते.

खुद्द फिस्टुलाच्या जन्मातही हा पट्टा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सिमिनो आणि ब्रेशिया हे डॉक्टर आधी दंडावर पट्टा आवळून फुगलेल्या शिरांतूनच डायलिसिस करत. शिरा कायमच्या फुगलेल्या राहाव्यात म्हणून 1965 मध्ये सर्जन अ‍ॅपेल यांनी मनगटाशी धमनी आणि शीर जोडली. 1966 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं.

एरवी फिस्टुलाच्या हातावर रक्तदाबही मोजू देत नाहीत. शस्त्रक्रियेत मात्र हात उंच धरून, रबरी पट्टी गुंडाळून, त्याच दंडावर पाऱ्याच्या साधारण 250 मिलिमीटर इतका दाब देतात. मग आतलं चिकटलेलं फारसं न सोडवता थेट शीर उघडता येते. शिवण झाली की कातडी मिटण्याआधी दाब सोडून गळती पाहतात.

काखेजवळच्या फिस्टुलाला पट्टा बसत नाही. मधुमेहात कॅल्शियम साचून कडक झालेली धमनी दाबली जात नाही. तिथे टॉमस फोगार्टी यांची 1963 ची फुग्याची नळी आत सरकवून रक्त आतूनच अडवावं लागतं.