तणसीवरच्या सात्या

आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या वाळल्या काडाला तणीस म्हणतात. मळणी आटोपली की खळ्याशेजारी तणसीचा ढीग लागायचा आणि वर्षभर तो बैलांच्या पोटात जायचा. पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, गोठे ओस पडले आणि तणीस उरू लागली. बांधीतच काडी लावून मोकळं व्हायचं, ही रीत माझ्या डोळ्यांदेखत पडली.

सात्या मात्र फार जुन्या. आषाढ-श्रावणात झड उघडून ऊन पडलं की आजी टोपली घेऊन वारुळांकडे निघायची. कोणत्या वारुळावर त्या निघतात, हे ती घरच्या सुनेलाही सांगत नसे. त्या बुरशीला वारुळातली वाळवी पोसते. म्हणून या सात्या हाताने पेरून येत नाहीत.

त्यामुळे बचत गटाच्या बाया ‘तणसीवर सात्या काढणार’ म्हणाल्या, तेव्हा गाव हसलं. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, “अवं बाई, सात्या का पेरता येते?”

बायांनी आणली होती ती धिंगरी. ही अळिंबी मुळात लाकडावर वाढणारी. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत फाल्क नावाच्या संशोधकाने तिला झाडांच्या बुंध्यांवर वाढवलं. आपल्या देशात भाताच्या काडावर तिची लागवड केली ती म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या बानो आणि श्रीवास्तव यांनी, १९६२ मध्ये. १९८३ साली अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याचं मुख्यालय सोलनला होतं आणि पुण्याचं कृषी महाविद्यालयही त्यात होतं. आमच्या गावात धिंगरी पोचली ती म्हैसूरच्या प्रयोगानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी. तोवर किती तणीस जळाली असेल, त्याचा हिशेब कोण करणार?

कृती अवघड नाही. तणसीचे दोन-तीन बोटं लांबीचे तुकडे करायचे, रात्रभर भिजवायचे, मग कढत पाण्यात तासभर ठेवून निथळायचे. प्लास्टिकच्या पिशवीत तणसीचा थर, त्यावर बेणं, पुन्हा थर. पिशवीला भोकं पाडून ती अंधाऱ्या खोलीत ठेवायची. पंधरा-वीस दिवसांत आतली तणीस पांढरीफक होते, जणू कापूसच भरलाय. मग पिशवी कापून गठ्ठा टांगायचा आणि पाणी फवारत राहायचं. किलोभर कोरड्या तणसीतून दोन-तीन तोडे मिळून अर्धा-पाऊण किलो माल निघतो. उरलेली तणीस खत म्हणून बांधीत जाते.

खरी अडचण बेण्याची. तणीस घरची, पाणी घरचं, राबणारे हातही घरचे, पण बेणं बाहेरचं. हा तिढा जुनाच आहे. युरोपातले माळी एका वाफ्यातली बुरशी उचलून दुसऱ्यात लावत आणि तिच्यासोबत रोगही नेत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९४ च्या सुमारास शुद्ध बेणं तयार झालं. अमेरिकेत सिंडेन याने १९३२ मध्ये धान्याच्या दाण्यांवर बेणं वाढवण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे हे दाणे गव्हाचे किंवा ज्वारीचे असतात.

गटाचं एक बेणं एसटीत दोन दिवस तापून आलं. विकणाऱ्याने पैसे आधीच घेतले होते. आठवड्याभरात साठ पिशव्या हिरव्या पडल्या. त्या उकिरड्यावर टाकताना गटाची अध्यक्षीण, आमची काकू, कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र मला म्हणाली, “भाऊ, बियाणं दुसऱ्याच्या हाती असंन, तं शेती आपली कशी म्हणाची?”

गावात खपाचाही प्रश्न होताच. माळकरी मंडळींना वाटे, चव मटणासारखी, म्हणजे काहीतरी भानगड आहे. ती शंका पुढे त्यांच्या नातवंडांनीच ताटात संपवली. ताजा माल दुसऱ्या दिवशीच मऊ पडतो, म्हणून बाया उरलेला उन्हात वाळवून ठेवू लागल्या.

त्या हिवाळ्यात काकू आणि तिची सून बेणं करायला शिकून आल्या. उकडलेली ज्वारी बाटल्यांत भरून प्रेशर कुकरमध्ये वाफवायची, दार-खिडक्या बंद करून, पंखा न लावता, दिव्याच्या ज्योतीजवळ तिला विरजण लावायचं. सून त्याला विरजणच म्हणते. दहातल्या तीन-चार बाटल्या अजूनही बिघडतात. पण बेण्यासाठी एसटीची वाट आता कुणी पाहत नाही, आणि दिवाळीनंतर काकूच्या अंगणात शेजारचे लोक आपली तणीस आणून टाकतात.