पॅनेलमागच्या वायरीचं कूळ

सुटी मॉड्यूल्स केबलींनी जोडून वाजवायच्या मॉड्युलर सिंथेसायझरचे फोटो निघतात ते पुढून लोंबणाऱ्या रंगीत केबलींचे. पण एखाद्या हौशी माणसाच्या पेटीचं मागचं झाकण काढलं तर तिथेही वायरी सापडतात. एका मॉड्यूलच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर गेलेल्या, आखूड, घरीच सोल्डर केलेल्या. रोज त्याच दोन भोकांत तीच केबल खुपसायचा कंटाळा आला, म्हणून त्या जन्मल्या.

पुढच्या केबलीचं कूळ टेलिफोन एक्स्चेंजचं. 28 जानेवारी 1878 रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये जॉर्ज कॉयने पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज सुरू केलं. त्याचा स्विचबोर्ड घोडागाडीचे बोल्ट, किटलीच्या झाकणांच्या मुठी आणि बायकांच्या झग्यांना फुगवटा देणारी तार असल्या सटरफटर सामानातून बनला होता. घरगुती जोडकाम या घराण्यात असं पहिल्यापासूनच आहे. नंतर वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या चार्ल्स स्क्रिब्नरने जॅक घडवला, आणि ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटरच्या हातातला प्लग रेडिओ स्टेशनांत, स्टुडिओंत शिरला. रॉबर्ट मूगने 1964 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्गमध्ये सिंथेसायझरची मॉड्यूल्स बनवायला घेतली, तेव्हा त्याने हाच पाव इंची प्लग उचलला. (संगीतकार डेव्हिड ट्यूडरने 1969 मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत आणून बसवला तो मूगही असाच केबलींचा.)

मागच्या वायरीचा मूळपुरुष म्हणून मी मूगच्याच कारखान्यातल्या बिल हेमसाथचं नाव घेईन. जेवणाच्या सुट्टीत तो अडगळीतली मॉड्यूल्स गोळा करायचा. एका जुन्या कीबोर्डला त्याने करवत लावून तो आखूड केला, सगळं एका पेटीत बसवलं आणि जोडण्या आतूनच करून टाकल्या. ऑसिलेटर, मग फिल्टर, मग अॅम्प्लिफायर. नाहीतरी बहुतेक लोक हाच क्रम लावत होते! त्यातूनच 1970 चा मिनीमूग आला. मात्र त्यात आतली जोडणी कायमची झाली. प्रवासात, स्टेजवर सोय झाली, पण मोकळीक गेली.

ती मोकळीक परत मिळवून दिली एआरपी कंपनीच्या 2600 या सिंथेसायझरने, 1971 मध्ये. इथली करामत जॅकच्या आत आहे. अशा जॅकला तीन पाय असतात: सिग्नलचा, ग्राउंडचा आणि स्विचचा. प्लग नसताना सिग्नलची पत्ती स्विचच्या पत्तीला टेकलेली असते, आणि मागून आलेला सिग्नल तिच्यातून आत जातो. प्लग घुसला की पत्ती उचलली जाते, मागची वाट तुटते, पुढच्या केबलीचं राज्य सुरू होतं. प्लग काढा, पुन्हा जैसे थे. आतली कुठली जोडणी कुठून आली आहे, ते एआरपीने पॅनेलवरच छापलं होतं. या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट मला हीच वाटते.

1990 च्या दशकाच्या मध्यावर म्युनिकजवळच्या डिटर डोप्फरने ए-100 हा मॉड्युलर सिंथेसायझर काढला, त्यातून युरोरॅक हा मॉड्यूल्सचा साचा रूढ झाला. त्याच्या मॉड्यूल्सना मागून वीज पुरवणाऱ्या 16 पिनांच्या बसवर विजेबरोबरच सूर आणि गेट (स्वर कधी सुरू-बंद ते सांगणारा सिग्नल) यांच्याही लाइनी आहेत. म्हणजे पाठीमागून जोडायची सोय मूळ आराखड्यातच होती. हौशी मंडळींनी फक्त हात पुढे नेला.

तुम्हालाही करायचं असेल तर सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळेल. पेटीतली मॉड्यूल्स एकाच पॉवर सप्लायवर असतील तर ग्राउंड आधीच सामाईक असतं. आखूड अंतराला एकच वायर पुरते. ती एकाच्या आउटपुटपासून दुसऱ्याच्या इनपुट जॅकच्या स्विचच्या पायाला न्यायची. आधी मल्टीमीटर लावून बघा. पुष्कळ मॉड्यूल्समध्ये हा पाय ग्राउंडला जोडलेला असतो. तो तिथून सोडवल्याशिवाय वायर लावलीत तर आउटपुट शॉर्ट होईल. दोन आउटपुट एकमेकांना थेट जोडू नका. आणि कुठली वायर कुठून कुठे गेली ते कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण मॉड्यूल विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याला ते पुढून दिसणार नाही.