मंद आच, लांब रात्र : ओव्हनमध्ये मऊ होणाऱ्या बरगड्यांचा इतिहास



घरच्या ओव्हनमध्ये डुकराच्या बरगड्या मऊ शिजवणे हा इतिहासाच्या टिपणाचा विषय कसा, असा प्रश्न तुम्हांला पडेल. माझा पहिला प्रयत्न फसला नसता तर मीही या वाटेला गेलो नसतो. डायल २०० अंशांवर, वेळ पाऊण तास, वरून सुरेख तांबूस रंग. आणि मांस असे की दातांनी हाडापासून ओढून काढावे लागले. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात उष्णतेचे विषय शिकवतो. फळ्यावर उष्णतावहनाची समीकरणे मांडणाऱ्या माणसाचे स्वयंपाकघरात असे हसे झाल्यावर कारण शोधणे भागच होते. कारण शोधता शोधता मी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, तिथल्या गुलामगिरीच्या काळापर्यंत जाऊन पोचलो.

तुमच्यापैकी अनेकजण पोर्क खात नसतील, काहीजण मांसच खात नसतील. त्याने काही अडत नाही. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत नियंत्रित उष्णतेची गोष्ट बहुधा थर्मोस्टॅटपासून सुरू होते. माझे म्हणणे असे की ती त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली, आणि ज्यांनी ती सुरू केली त्यांची नावे आपल्याकडे जवळजवळ नाहीत. बरगड्या हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

बरगडीत काय असते

आधी पदार्थ समजून घेऊ. बरगड्यांमधले मांस हे सतत काम करणाऱ्या स्नायूंचे असते. प्राणी जिवंत असेपर्यंत श्वासाबरोबर ते हलत राहते. अशा मांसात कोलॅजन भरपूर असते. कोलॅजन म्हणजे तीन पेडांच्या दोरीसारखे वळलेले प्रथिन. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला ही दोरी आक्रसते, स्नायूतंतूंना पिळते आणि त्यांतले पाणी बाहेर काढते. माझे मांस नेमके याच टप्प्यावर अडकले होते. तापमान आणखी वाढून तिथे बराच वेळ टिकले, की पेड सुटतात आणि कोलॅजनचे जिलेटिन होते. तेच मांसाला पुन्हा ओलसर, लुसलुशीत करते. आपल्या पायाच्या रश्श्याला बोटे चिकटतात ती याच जिलेटिनमुळे.

म्हणजे इथे दोन क्रिया एकमेकींविरुद्ध धावतात. स्नायू कोरडा होणे झटपट होते, कोलॅजन विरघळणे सावकाश. आच मोठी ठेवली तर पहिली जिंकते. म्हणून आच कमी आणि वेळ जास्त. वाक्य सोपे आहे, पण ते अमलात आणायचे तर तीन, सहा, कधी बारा तास आच एका पातळीवर धरून ठेवावी लागते. डायल नसताना हे कोण करत होते?

रात्रभर जागणारे

अमेरिका खंडात डुकरे मूळची नाहीत. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ती कॅरिबियन बेटांवर नेली. १५३९ साली हर्नांडो डी सोटोच्या तुकडीबरोबर ती फ्लोरिडात उतरली. लाकडी चौकटीवर मांस ठेवून खालून मंद आच देण्याची पद्धत मात्र तिथल्या मूळ रहिवाशांची. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांच्या ‘बार्बाकोआ’वरून स्पॅनिशमार्गे आला. पुढे व्हर्जिनिया, कॅरोलायना आणि दक्षिणेच्या इतर भागांत मोठ्या मेजवान्यांचे हे काम गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर पडले.

काम असे असे. जमिनीत लांब चर खणायचा. शेजारी वेगळ्या ठिकाणी कठीण लाकडाचे ओंडके जाळून निखारे करायचे. ते फावड्याने थोडेथोडे चरात पसरायचे, वर काठ्यांवर मांस मांडायचे. चरात ज्वाळा उठता कामा नये आणि आच विझताही कामा नये. कुठे निखारा जास्त झाला, चरबी गळून कुठे भडका उडाला, वारा कुठून फिरला, यावर रात्रभर लक्ष ठेवायचे. नियंत्रण-अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर इथे संवेदक, तुलनाकार आणि झडप ही तिन्ही कामे एकच माणूस करत होता. आणि त्या माणसाला मेजवानीच्या पंगतीत जागा नव्हती.

१९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या एका प्रकल्पात, गुलामगिरी स्वतः भोगलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी लिहून घेण्यात आल्या. त्यांत दक्षिण कॅरोलायनातील वेस्ली जोन्स यांची आठवण आहे. मेजवानीच्या आदल्या रात्री आपण जागून मांस शिजवत असू, असे ते सांगतात. व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, कांदा, लसूण आणि थोडे धनेसुद्धा, असे मिश्रण काठीला गुंडाळलेल्या फडक्याने रात्रभर मांसावर फिरवायचे. ते निखाऱ्यांवर ठिबकले की त्याचा वास धुरात उतरतो आणि धूर मांसात. धन्यांचा उल्लेख वाचून मी जरा थबकलो. पण खरी गोष्ट वेगळी आहे. हा माणूस चवीबरोबर प्रक्रियाही सांगतो आहे. पृष्ठभाग ओला ठेवला की मांस वरून जळत नाही, हे ज्ञान त्या फडक्यात आहे. त्याचे समीकरण आपण दुसऱ्या वर्षाला बाष्पीभवनाच्या प्रकरणात शिकवतो.

त्या काळी शिजे ते बहुधा अख्खे जनावर. नुसत्या बरगड्या हा वेगळा पदार्थ होण्यासाठी कत्तलखान्यांचे औद्योगिकीकरण व्हावे लागले. सिनसिनाटी शहराला एकोणिसाव्या शतकात ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. शिकागोचे युनियन स्टॉक यार्ड १८६५ च्या नाताळात सुरू झाले, कॅन्सस सिटीचे १८७१ मध्ये. (हेन्री फोर्डने मोटारीच्या जुळणी-साखळीची कल्पना शिकागोच्या याच मांस कापणाऱ्या साखळीवरून आल्याचे स्वतः नोंदवले आहे.) मांडीचे हॅम होई, पोटाचे बेकन होई, ते लांब पाठवले जाई. बरगड्यांत हाड जास्त आणि मांस कमी, म्हणून त्या स्वस्तात स्थानिक बाजारात जात. दक्षिणेतून कामासाठी या शहरांत आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे या स्वस्त तुकड्याला मऊ करण्याचे कसब आधीपासून होते. मेम्फिसजवळ जन्मलेले हेन्री पेरी १९०७ च्या सुमारास कॅन्सस सिटीत आले आणि दुसऱ्या वर्षी एका गल्लीत धुरावलेले मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकू लागले. त्या शहराच्या बार्बेक्यूचे जनक म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. त्यांचे नाव टिकले. चरावर जागणाऱ्या इतर शेकडोंचे नाही.

रमफोर्डचा फसलेला प्रयोग

आता प्रयोगशाळेकडे वळू. काउंट रमफोर्ड तुम्हांला माहीत आहेत. १७९८ मध्ये तोफेची नळी कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा द्रव नसून गती आहे, असे मांडणारे तेच. मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन, जन्म मॅसॅच्युसेट्सचा. चुली आणि स्वयंपाकाची भांडी यांवर त्यांनी फार लिहिले. त्यांनी सांगितलेला एक किस्सा असा. बटाटे वाळवण्यासाठी बनवलेल्या यंत्रात मांस भाजते का, हे पाहायला त्यांनी मटणाचा खांदा आत ठेवला. तीन तास लक्ष ठेवले, मांस शिजण्याचे चिन्ह दिसेना. उष्णता पुरेशी नाही असे ठरवून ते वैतागून घरी गेले आणि खांदा स्वयंपाकघरातल्या मोलकरणींवर सोपवला. त्या बायकांनी तो रात्रभर यंत्रातच राहू दिला. सकाळी पाहतात तो मांस उत्तम शिजलेले आणि चवीला अप्रतिम.

विज्ञानाच्या इतिहासात कमी तापमानावर मांस शिजवण्याच्या शोधाचे श्रेय रमफोर्डना दिले जाते. तुम्हीच पाहा: शास्त्रज्ञाने तीन तासांनंतर धीर सोडला, यंत्र चालू राहिले ते त्या बायकांमुळे. रमफोर्डनी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, हा त्यांचा मोठेपणा. पण नावे त्यांनीही लिहिली नाहीत.

त्यांनी १७९९ मध्ये ज्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तिथेच १९६९ साली ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्टी यांनी ‘स्वयंपाकघरातला भौतिकशास्त्रज्ञ’ या विषयावर व्याख्यान दिले आणि सुमारे ८० अंशांच्या ओव्हनमध्ये मांस शिजवून रमफोर्डचा अनुभव श्रोत्यांसमोर पडताळून दाखवला. कुर्टींचे आयुष्य निरपेक्ष शून्याजवळच्या तापमानांवर संशोधन करण्यात गेले होते. ८० अंश त्यांना फारच वाटले असतील!

डायल येतो

विसाव्या शतकापर्यंत पाककृतींत ओव्हनचे तापमान मंद, मध्यम, तेज अशा शब्दांत लिहीत. आत हात किती वेळ धरवतो, कागद किंवा पीठ किती वेळात तांबूस होते, यावरून अंदाज घेत. १९१५ मध्ये अमेरिकन स्टोव्ह कंपनीने गॅस ओव्हनसाठी ‘लोरेन’ हा उष्णता-नियामक आणला; ब्रिटनमध्ये १९२३ साली ‘न्यू वर्ल्ड’ शेगडीवर ‘रेग्युलो’ आला.

गॅस ओव्हनच्या अशा नियामकाची रचना पाठ्यपुस्तकात सापडते आणि ती सुंदर आहे. ओव्हनमध्ये एक पितळी नळी, तिच्या आत इन्व्हारची कांडी, दोघींचे एक टोक जोडलेले. इन्व्हार हा लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू १८९६ मध्ये शार्ल एदुआर गियोम यांनी शोधला. त्यांना १९२० चे नोबेल मिळाले. तापल्यावर तो जवळजवळ वाढतच नाही. पितळ वाढते. २० सेंटिमीटर लांबीची नळी १०० अंशांनी तापली तर वाढ जेमतेम ०.४ मिलिमीटर, पण तेवढ्याने कांडी ओढली जाते आणि गॅसची झडप आवळली जाते. ओव्हन निवला की झडप पुन्हा सैल होते. चरावर फावडे घेऊन उभा असलेला माणूस ०.४ मिलिमीटरमध्ये बसवला गेला. जाहिरातींचा भर याच गोष्टीवर होता: जेवण ओव्हनमध्ये ठेवा आणि दुपारभर खुशाल बाहेर जा. ज्या बाईला तोवर शेगडीपासून हलता येत नव्हते, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. यंत्राने कसब हिरावले अशी एकेरी तक्रार म्हणूनच मला पटत नाही. रात्रभर जागणे कुणाच्या वाट्याला येऊ नये. जागणाऱ्यांना काय येत होते, त्याची नोंद मात्र राहायला हवी होती.

घरगुती ओव्हनला आणखी एक साहाय्यक मिळाला. बरगड्या शिजताना आतले तापमान ६५ ते ७५ अंशांच्या आसपास येऊन तासन्‌तास अडून राहते. नवशिक्याला वाटते ओव्हन बिघडला. प्रत्यक्षात मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असते आणि आत येणारी उष्णता त्यातच खर्च होते. आपला माठ याच तत्त्वावर पाणी गार ठेवतो. उपाय म्हणजे पाण्याला उडू न देणे. १९४७ साली अमेरिकेत रेनॉल्ड्स कंपनीने घरगुती ॲल्युमिनियम फॉइल बाजारात आणले, आणि घट्ट गुंडाळलेल्या बरगड्या स्वतःच्याच वाफेत शिजू लागल्या.

तुमच्या ओव्हनमध्ये

पोर्कच्या दुकानात बरगड्या बहुतेक वेळा लहान तुकडे करूनच देतात. अख्खी पट्टी हवी हे आधीच सांगा. हाडांच्या बाजूला एक पातळ चिवट पडदा असतो. चमच्याच्या दांड्याने त्याचे टोक उचला आणि कोरड्या फडक्यात धरून ओढून काढा. मीठ, मिरपूड, लाल तिखट, जिरेपूड, थोडा गूळ चोळा आणि दुहेरी फॉइलमध्ये घट्ट बांधा. १४० अंशांवर अडीच ते तीन तास. मग फॉइल उघडून व्हिनेगर-गुळाचा हात फिरवा आणि २२० अंशांवर दहा मिनिटे रंग येऊ द्या. छोट्या ओटीजीच्या डायलवर फार विसंबू नका. माझ्या ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवून पाहिले तेव्हा डायल आणि आतली हवा यांत २५ अंशांचा फरक निघाला. आता तोच फरक काढण्याचे काम मी विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणून देतो.

सुरक्षिततेचे म्हणाल तर पोर्कमधल्या ट्रिकिनेला कृमीचा माणसातला जीवघेणा आजार १८६० मध्ये ड्रेस्डेनच्या त्सेंकर यांनी दाखवून दिला, आणि तेव्हापासून पोर्क कडकडीत शिजवायची रीत रुळली. २०११ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठी मर्यादा ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटे विश्रांती इतकी खाली आणली. आपल्याकडे पट्टकृमीचा धोका अजून आहे, तेव्हा पोर्क कधीच कच्चे ठेवू नये. बरगड्यांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण मऊ व्हायला त्यांना ९० अंशांच्या पुढे जावेच लागते. ६३ अंशांची बरगडी निर्धोक असेल, पण चावता येणार नाही.

झाल्या की नाही हे डायल सांगत नाही. पट्टी एका टोकाला चिमट्याने धरून उचला. ती लवली पाहिजे आणि वरच्या थराला मधोमध चीर पडू लागली पाहिजे. सरळ ताठ राहिली तर परत फॉइलमध्ये घालून अर्धा तास आत ठेवा.