खोक्याचा ट्रक
मलकापूरचं आमचं घर हायवेलगत. तेव्हाचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ला करार संपला, ट्रकच्या नाकावरची चांदणी गेली. दादाच्या ट्रकवर मात्र ती राहिली. बॉडी चहाच्या खोक्याची, केबिन डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची, चाकं झिजलेल्या स्लिपरची, तापल्या सळईनं भोकं पाडलेली. खामगावच्या बाजाराला कापूस नेणाऱ्या गाड्या थांबल्या की दादा वितीनं फाळका मोजून यायचा. किती निगुतीनं करायचा! पुढं ट्रेलर दिसू लागले, तेव्हा त्यानं दोन खोकी एकाच उभ्या खिळ्यावर जोडली. वळणावर मागची चाकं आतून जायची, खऱ्या ट्रेलरची जातात तशीच.